‘ना’ लावून विचारलेला प्रश्न : नैराश्याच्या एका गावपाहणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या एका तालुक्यात आम्ही घरोघरी पाहणी करत होतो. गावात किती जणांना नैराश्य आहे आणि कोणत्या परिस्थितीत ते जास्त दिसतं, एवढंच शोधायचं होतं. मी त्या कामाची क्षेत्र-पर्यवेक्षक होते. तालुका, गावं, संस्था आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे काढून टाकले आहेत. घटनाक्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

अशी पाहणी हवीच कशाला, हे गावातले लोकही विचारत. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं ते १२ राज्यांत, आणि त्या १२ मध्ये महाराष्ट्र नव्हता. त्यात प्रौढांमध्ये सध्या नैराश्य असलेल्यांचं प्रमाण २.७ टक्के निघालं. त्याच सुमाराला अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत मानसिक आरोग्याचा ‘विश्राम’ प्रकल्प झाला. त्याच्या सुरुवातीच्या पाहणीत हाच आकडा १४.६ टक्के होता. म्हणून अमरावतीची माणसं पाचपट दुःखी आहेत असं कोणी म्हणू नये. पहिल्या पाहणीत निदान करणारी मुलाखत वापरली होती, दुसरीत लक्षणं मोजणारी प्रश्नावली. विचारायची रीत बदलली की आकडा बदलतो. हे मला तोंडपाठ होतं, वर्गात शिकवलंही होतं. तरी आमच्याच कामात ते घडत असताना मला तीन आठवडे दिसलं नाही.

आमच्याकडेही तीच प्रश्नावली होती, पीएचक्यू-९. प्रश्न नऊ. गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती दिवस झाला, असं प्रत्येकाबद्दल विचारायचं आणि ‘अजिबात नाही’ ते ‘जवळजवळ रोज’ यानुसार ० ते ३ गुण द्यायचे. एकूण गुण २७. १० किंवा त्याहून जास्त झाले तर पुढची तपासणी. नववा प्रश्न सगळ्यांत अवघड : आपण मेलेलं बरं किंवा स्वतःला काही इजा करून घ्यावी, असे विचार मनात आले का?

तपासनीस सहा जणी होत्या, सगळ्या आसपासच्या गावांतल्या. प्रशिक्षणात भाषेवरच दोन दिवस गेले. पहिल्याच प्रश्नात ‘कामात रस वाटत नाही’ असे शब्द होते. सरावाच्या गावात एका आजीने त्यावर तपासनिसालाच विचारलं, “कामात रस कायचा बाई? काम तं करावंच लागते.” तेव्हा आम्ही तो प्रश्न ‘कशातच जीव लागत नाही’ असा करून घेतला. ‘उदास’ हा शब्द कोणीच स्वतःहून वापरत नव्हतं. लोक टेन्शन म्हणत, हातपाय गळाले म्हणत, डोक्यात विचार फिरतात म्हणत. बायका तर अंगावरून पांढरं जातं, अशक्तपणा आहे, इथूनच सुरुवात करत. गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या पाहणीतून दिसलं होतं, की पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक त्रासाशी आणि घरातल्या जाचाशी जास्त जुळतो. आम्ही ते तपासनिसांना सांगितलं, तेव्हा त्यांतली एक पटकन म्हणाली, “हे तर आम्हाला ठाऊकच आहे.”

आठ प्रश्नांवर एवढी मेहनत घेतली. नववा मात्र ‘छापलाय तसाच वाचा’ एवढं सांगून सोडून दिला. तो उच्चारायला आम्हालाच जड जात होता.

अडचण कुठे दिसली

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी आत्तापर्यंतच्या फॉर्मचा कच्चा तक्ता काढला. त्यात एक गोष्ट फार स्पष्ट दिसत होती. ओलिताच्या गावांत नवव्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारं जवळपास कोणी नव्हतं, कोरडवाहू गावांत होते. बैठकीत सगळ्यांचे चेहरे उजळले. कालव्याचं पाणी असलं की दुसरं पीक निघतं, हातात पैसा राहतो, सावकाराचं दार ठोठावावं लागत नाही, म्हणून मरणाचे विचारही कमी. आम्हा सगळ्यांचा आधीपासून यावर विश्वास होता. मीही शेतकऱ्याच्याच घरातली, त्यामुळे मला तर ते पुराव्याशिवायही पटलं असतं.

शंका आली ती वेगळ्याच कामामुळे. रात्री फॉर्म तपासताना एका बाईचा फॉर्म हातात आला. झोप नाही : रोज. स्वतःला दोष देणं : रोज. जेवण जात नाही : निम्म्याहून जास्त दिवस. नववा प्रश्न : शून्य. असं असू शकतं. पुढच्या गठ्ठ्यात तसाच दुसरा फॉर्म निघाला, मग तिसरा. तिन्ही एकाच तपासनिसाचे होते. तिला इथे ताई म्हणते. मी तिचे सगळे फॉर्म तारखेप्रमाणे लावले. पहिल्या नऊ दिवसांत नवव्या प्रश्नाला काही ‘हो’ होते. दहाव्या दिवसापासून एकही नाही.

आणि ओलिताची गावं बहुतेक ताईच्याच वाट्याला होती. तिचं घर कालव्याच्या बाजूला, बस सोयीची पडते, म्हणून मीच ती वाटणी केली होती. म्हणजे गावातला फरक आणि तपासनिसातला फरक मी माझ्याच हाताने एकात एक मिसळून टाकले होते. पाण्यामुळे विचार कमी आहेत, की ताई विचारते म्हणून कमी दिसतात, हे त्या तक्त्यावरून कोणालाच सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत गेले. सकाळची वेळ, अंगणात कापसाचा ढीग, घरातली बाई वेचणीला निघायच्या घाईत. ताईने आठही प्रश्न नीट विचारले, थांबून, तिच्या डोळ्यांकडे बघत. इतकं चांगलं मलाही जमलं नसतं. नवव्या प्रश्नाला तिने टॅब मांडीवर उपडा ठेवला आणि हलकेच म्हणाली, “तसलं काही येत नाही ना मनात?”

बाई म्हणाली, “नाई नाई.”

त्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच सांगून टाकलेलं होतं. आपल्याकडे ‘जेवलात ना?’ असं विचारणाऱ्याला उपाशी माणूसही ‘हो’ म्हणतो.

त्याआधी काय घडलं होतं

परत येताना कालव्याच्या पुलावर आम्ही थांबलो. ताई आधी म्हणाली, “मॅडम, मी खोटं एकही नाही भरलं. तिने नाही म्हटलं, मी नाही लिहिलं.” ते खरंच होतं. मग तिने दहाव्या दिवसाच्या आधीची हकिकत सांगितली.

त्याच्या काही दिवस आधी एका तरुण वहिनीने नवव्या प्रश्नाला ‘काही दिवस’ असं उत्तर दिलं होतं. ताईने नियमाप्रमाणे सगळं केलं. मला फोन केला, मी जीप पाठवली, समुपदेशक बाई जाऊन तिच्याशी बोलल्या. ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराचा दिवस कोणता ते सांगितलं आणि दोन दिवसांनी विचारपूस करायला फोन केला. आमच्या नोंदीत हे प्रकरण ‘कार्यवाही पूर्ण’ असं बंद झालं होतं. मी स्वतः त्यावर सही केली होती.

फोन तिच्या नवऱ्याने उचलला. घरात फोन तो एकच. त्याने बायकोला विचारलं, “डॉक्टरीनबाई कायले फोन करून रायल्या तुले?” आमची जीप दारात उभी राहिलेली शेजाऱ्यांनी पाहिली होतीच. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, की अमक्याची बायको काहीबाही बोलली म्हणून सरकारी गाडी आली, आता पोलीस केस होणार. सासूने तिचं माहेरी जाणं बंद केलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार, जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं असतं आणि तिला शिक्षा करायची नसते. पण ही बातमी गावात पोचलेली नाही. इथे तर नुसता विचार होता. पुढच्या वेळी ताई त्या गल्लीतून गेली, तेव्हा त्या वहिनीने दारातूनच हात जोडले.

ताई म्हणाली, “माझ्यावर भरवसा ठेवून बोलली ती. आता मी दुसरीला बोलायला कशी लावू?”

पुलावर मला हेही आठवलं, की नवव्या प्रश्नाला ‘हो’ आलं की तीन पानांचा वेगळा अहवाल लिहावा लागे, त्यात दोन तास जात आणि शेवटची बस चुके. ताईने याचा उल्लेखही केला नाही. पण बाकीच्या पाच जणींवर त्याचा परिणाम होत नसेल असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नव्हते.

कोणते पर्याय होते

बैठकीत पहिली सूचना ताईला काढून टाकायची आली. नियम मोडला, तिचे फॉर्म रद्द करा, नवीन मुलगी घ्या. मी याला विरोध केला. ताईचे पहिले आठ प्रश्न उत्तम होते. शिवाय तिला काढलं असतं, तर उरलेल्या पाच जणी एवढंच शिकल्या असत्या, की अडचण मॅडमना सांगायची नसते.

दुसरा पर्याय नववा प्रश्नच काढायचा. आठ प्रश्नांची प्रश्नावलीही जगभर वापरतात आणि नैराश्याचा अंदाज त्यातूनही चांगला येतो. एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं, की जी जबाबदारी पेलता येत नाही ती घेऊ नये. या म्हणण्यात दम होता आणि मी एक पूर्ण रात्र त्यावर विचार केला. पण ज्या भागात याच कारणाने घरं उद्ध्वस्त होतात, तिथे आमच्या सोयीसाठी हा प्रश्न गाळायचा हे मनाला पटेना. विचारल्याने असे विचार वाढतात, ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटलं असं सांगणारे असतात. आमच्याकडे त्रास झाला तो विचारल्यानंतर आम्ही जे केलं त्यामुळे.

तिसरा पर्याय, हा प्रश्न तोंडी न विचारता टॅबवर हेडफोन लावून ऐकवायचा आणि उत्तर बोटाने निवडायला सांगायचं. शहरात हे जमलं असतं. इथे हेडफोन लावलेल्या बाईभोवती घरातली चार पोरं जमा झाली असती.

चौथा पर्याय, काम थांबवून पुढची कार्यपद्धती दुरुस्त करायची आणि झालेल्या फॉर्मचं काय करायचं ते नंतर बघायचं. यात वेळ जाणार होता. वेचणी संपली की बरीच घरं पोराबाळांसकट ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जातात. चार दिवस गमावले तर कोणती घरं हातून जातील, हे आम्हाला नेमकं ठाऊक होतं. सगळ्यात गरीब घरं. तरी आम्ही हाच पर्याय घेतला.

काय केलं

काम चार दिवस बंद ठेवलं. संशोधनाच्या नीतिसमितीला लेखी कळवलं, त्यात वहिनीच्या घरी काय झालं तेही लिहिलं. ते लिहू नये असा एक सल्ला होता, तो मानला नाही.

मग नववा प्रश्न आणि त्यानंतरची वाट, दोन्ही नव्याने बांधले. त्या एका प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टी बांधलेल्या आहेत. ‘देवाने उचललं तर बरं’ असं दमलेल्या माणसाला वाटणं वेगळं आणि मनात काही ठरवलेलं असणं वेगळं. आमचा नियम दोघांनाही एकच वागणूक देत होता : जीप. आता ‘हो’ आलं की आणखी दोन साधे प्रश्न ठेवले. काही ठरवलंय का? आज-उद्या जिवाला धोका वाटतो का? या उत्तरांवरून धोका नजीकचा वाटला, तरच तपासनीस तिथून हलणार नाही, मला बोलावणार, आणि त्या व्यक्तीला सांगूनच, ती निवडेल त्या एका माणसाला विश्वासात घेणार. नजीकचा धोका नसेल तर पुढे कसं भेटायचं हे तिनेच ठरवायचं. आशाताईंच्या नेहमीच्या फेरीत, आरोग्य केंद्रात, की तिने सांगितलेल्या वेळी फोनवर. आणि फोन म्हटलं की आधी विचारायचं : हा फोन दिवसभर कोणाकडे असतो?

जीप गावाबाहेर उभी करायची ठरलं. प्रत्येक घरी, उत्तर काहीही असो, एकसारखं पाकीट द्यायला लागलो. त्यात बीपीची नोंद, ग्रामीण रुग्णालयाचे वार आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. सगळ्यांच्या हातात तेच पाकीट, म्हणजे कोणाला काय झालंय हे पाकिटावरून कळायचं नाही. तीन पानांचा अहवाल एका पानावर आणला, आणि तो लिहिणाऱ्या तपासनिसाला त्या दिवशी घरी सोडायची जबाबदारी माझी.

गावांची वाटणीही बदलली. बंगालमधल्या तागाच्या पिकाच्या पाहणीत संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी एकाच भागाचे एकमेकांत गुंफलेले दोन नमुने वेगवेगळ्या पथकांना देण्याची रीत वापरली होती. दोन पथकांची उत्तरं जुळली नाहीत, तर चूक मोजणाऱ्यांत आहे हे कळतं. तागाच्या एकरांसाठी वापरलेली ती रीत आम्हाला पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती. आता प्रत्येक गावात दोन तपासनीस आणि कोणतं घर कोणाकडे जाणार ते चिठ्ठ्या टाकून, असं ठरलं. बसभाड्याचा खर्च वाढला.

शेवटी, ताईच्या दहाव्या दिवसानंतरच्या घरांपैकी काही घरं चिठ्ठीने निवडली आणि पुन्हा संमती घेऊन दुसऱ्या तपासनिसाला पाठवलं. या पुनर्भेटीला एक मर्यादा होती. प्रश्न ‘गेल्या दोन आठवड्यांचा’ असतो आणि मधल्या काळात ते दोन आठवडे पुढे सरकलेले होते. म्हणून दोन उत्तरांतला सगळा फरक ताईच्या खात्यावर टाकणं अन्यायाचं झालं असतं.

काय निष्पन्न झालं

पुनर्भेटीत, आधी ‘नाही’ नोंदलेल्या घरांतून ‘हो’ आले. पहिल्या आठ प्रश्नांची उत्तरं मात्र बरीच जुळली. तपासनीस हा स्वतंत्र स्तर धरून, म्हणजे कोणी विचारलं याचा परिणाम वेगळा काढून, पुन्हा गणित मांडलं, तेव्हा ओलिताची गावं आणि मरणाचे विचार यांचा तो सुबक संबंध उरला नाही. पाण्याचा काहीच उपयोग नाही असंही यातून सिद्ध होत नाही. आमच्याकडे तसं म्हणायला पुरावा नव्हता, एवढंच. अहवालात मुख्य आकडे आठ प्रश्नांवर काढले. त्या काळातली ताईची नवव्या प्रश्नाची उत्तरं ‘उपलब्ध नाहीत’ अशी धरली आणि कारण उघड लिहिलं. तो सुरुवातीचा तक्ता तसाच छापला असता, तर कोरडवाहू-ओलित अशी एक चुकीची जोखीम आमच्या नावाने पुढच्या दहा अहवालांत गेली असती.

नवीन पद्धतीनंतर सहाही जणींकडे नवव्या प्रश्नाला ‘हो’ येऊ लागले. बहुतेकांनी पुढच्या भेटीसाठी आशाताईंची निवड केली, फोन फार थोड्यांनी. याचं मला आश्चर्य वाटायला नको होतं. अमरावतीच्या ‘विश्राम’मध्ये गावातलीच माणसं उभी केली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचार-मदतीपर्यंत पोचलेल्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. रस्ता माहीत होता. आम्ही पाहणी आणि सेवा ही दोन वेगळी खाती समजलो, त्यामुळे तो घेतला नाही.

त्या वहिनीच्या घरी आम्ही पुन्हा गेलो नाही. जायला हवं, माफी मागायला हवी, असं मला फार वाटत होतं. ताईने अडवलं. म्हणाली, “मॅडम, तुम्ही गेलात की पुन्हा गाडी आली म्हणतील.” लहान मुलाच्या लसीचं निमित्त होतं, आशाताई त्या निमित्ताने गेल्या. नंतर एकदा बाजाराच्या दिवशी ती जावेसोबत ग्रामीण रुग्णालयात आली, झोप येत नाही म्हणून. एवढं त्यांनी तिच्या परवानगीने कळवलं. त्यापुढचं आम्ही विचारलं नाही.

पुन्हा करायचं तर

पहिल्या आठवड्यातच तपासनीसवार आणि तारीखवार तक्ता काढेन. आम्ही गावनिहाय, वयनिहाय, जमिनीनिहाय तक्ते काढत होतो. कोणी विचारलं हा रकाना टॅबमध्ये होता, तो उघडून पाहायला तीन आठवडे लागले.

‘कार्यवाही पूर्ण’ हा शिक्का रुग्णालयाचा पत्ता दिल्यावर मारणार नाही. ज्याच्यासाठी कार्यवाही केली त्याच्या घरी नंतर काय झालं, हे आठवड्याभरात कळायची काहीतरी सोय हवी. ती सोय ताईकडे होती, कारण ती त्या गल्लीतून रोज जात होती. तिला कोणी विचारलं नाही.

तपासनिसांसाठी दर शनिवारी बसायची वेळ ठेवेन, आकडे बाजूला ठेवून. दिवसाला पाच-सहा घरांतलं दुःख ऐकून त्या घरी जातात, आणि त्यांच्यापैकी दोघींच्या स्वतःच्या माहेरी अशी घटना घडलेली होती, हे मला काम संपताना कळलं.

नवव्या प्रश्नाचा सराव छापील कागदावरून करून घेणार नाही. पुढच्या पाहणीत हे प्रशिक्षण ताईनेच दिलं. तिने मुलींना जोड्यांनी समोरासमोर बसवलं. आधी एकीने ‘ना’ लावून विचारायचं आणि दुसरीने उत्तर द्यायचं. मग तेच ‘ना’ काढून, नजर न वळवता, टॅब उपडा न ठेवता विचारायचं, आणि विचारून झाल्यावर मनात दहापर्यंत मोजेस्तोवर काही बोलायचं नाही. पहिल्या दिवशी कोणालाच दहापर्यंत थांबता आलं नाही. तिसऱ्या दिवशी दोघींना जमलं.